बिनसनदेचे विद्यापीठ

विदर्भात जी दोन मोठी विद्यापीठे आहेत, त्यांच्या नावांचा अर्थ आपण क्वचितच ध्यानात घेतो. नागपूरचे विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याला आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली निघाले. त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. यांपैकी एकाची शाळा प्राथमिक वर्गातच सुटली आणि दुसऱ्याच्या हाती पाटीऐवजी खराटा होता. पदवीदानाच्या दिवशी झगे घालून बसणाऱ्या विद्वानांच्या डोक्यावर ही दोन नावे असावीत, यात या भूमीचा एक न्याय आहे.

आज मी ज्या विद्यापीठाविषयी बोलणार आहे, त्याला तर सनदही नव्हती. त्याला कुलगुरू नव्हते, पदव्या नव्हत्या आणि त्याच्या भिंती मातीच्या होत्या. ते आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे होते. निरनिराळ्या धर्मांची आणि कोणताच धर्म न मानणारीही माणसे एका आवारात राहिली, शिकली, भांडली आणि एका पंक्तीत जेवली, असे उदाहरण मराठी मुलखात त्याहून मोठे मला दिसत नाही. त्याचा इतिहास भक्तिभावाने पुष्कळदा सांगितला गेला आहे. मला तो हिशेबाच्या वहीप्रमाणे पाहायचा आहे : जमा किती, खर्च किती, आणि शिल्लक काय राहिली.

असे पाहण्याचे कारण माझ्या धंद्यात आहे. मी कामगार संघटनेचा माणूस. माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि संपाच्या मांडवात झाले. जिनात रेचे चालवणारा, प्रेसवर गठाण बांधणारा, धान्यबाजारात पोते उचलणारा यांच्यात राहून मी एक गोष्ट शिकलो, ती ही की, संप फोडायला लाठीपेक्षा धर्म स्वस्त पडतो. कापसाच्या धुळीने सगळ्यांचीच छाती सारखी भरते. पण मागणीपत्रावर सह्या गोळा होऊ लागल्या की कोण कोणत्या मोहल्ल्यातला याची चौकशी सुरू होते. म्हणून धर्माधर्मांचे सहकार्य हा माझ्या दृष्टीने सणासुदीला हार घालण्याचा विषय नाही. तो भाकरीचा विषय आहे. आणि ज्या गावाच्या नावातच बोरी आणि अरब एकमेकांना चिकटून बसले आहेत, त्या गावात हा विषय परका वाटू नये.

प्रथम पूर्वपीठिका. १९२१ साली विनोबा वर्ध्यास आले आणि तेथे सत्याग्रहाश्रमाची शाखा सुरू झाली. जमनालाल बजाज यांच्या घराण्याचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. गांधीजी १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत राहू लागले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी जवळच्या शेगाव या खेड्यात गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव रेल्वेवरचे आणि गजानन महाराजांमुळे सर्वांच्या तोंडी असलेले. त्यामुळे टपाल तिकडे जाई. शेवटी १९४० साली या शेगावचे नाव सेवाग्राम झाले. पोस्टाच्या घोटाळ्यातून जन्मलेले हे नाव पुढे जगाच्या नकाशावर गेले.

या खेड्याला विद्यापीठाचे रूप आले ते शिक्षणाच्या प्रश्नावरून. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यास एक शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा गांधीजींचा विचार तिच्यापुढे होता. अभ्यासक्रम आखण्यासाठी परिषदेने एक समिती नेमली. तिच्या सभासदांची नावे वाचावीत म्हणजे ती कशी बसवली होती हे कळते. अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन, दिल्लीच्या जामिया मिलियाचे प्रमुख. निमंत्रक आर्यनायकम्, लंकेतील तमिळ ख्रिस्ती गृहस्थ, शांतिनिकेतनात काम करून आलेले. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. ख्वाजा गुलाम सैयदैन हे शिक्षणतज्ज्ञ, जे. सी. कुमारप्पा हे तमिळ ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ; आणि त्यांच्याबरोबर विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शहा. प्रत्येक धर्माचा एक प्रतिनिधी घ्यावा अशी खोगीरभरती येथे नव्हती. जो तो आपल्या कामासाठी घेतलेला होता. पुढे १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला, झाकिर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले आणि आर्यनायकम् पतिपत्नींनी त्याचे काम सेवाग्रामात चालवले.

या समितीने जो अभ्यासक्रम दिला, त्यात धर्मशिक्षणाचा तास नव्हता. पुष्कळांना हे विचित्र वाटले. ज्याची सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेत जाते, त्याच्याच योजनेत धर्म नाही, हे कसे? गांधीजींनी त्याचा खुलासा १९३८ साली केला. आज धर्म ज्या रीतीने शिकवले व पाळले जातात, त्यातून ऐक्यापेक्षा कलह निपजतो, म्हणून तो भाग वगळला. सर्व धर्मांना समान असलेली सत्ये मात्र मुलांना शिकवता येतील आणि शिकवावीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तीही पुस्तकातून शिकण्यापेक्षा गुरुजींच्या वागण्यातून शिकावीत, असे त्यांना वाटे.

आणि तरीही पहिली ठिणगी याच योजनेच्या अंगणात पडली. आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी ग्रामीण शाळांची एक योजना काढली आणि तिला ‘विद्यामंदिर’ असे नाव दिले. मंदिर या शब्दाला मुस्लिम पुढाऱ्यांनी हरकत घेतली. वर्धा योजना आणि विद्यामंदिर योजना या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, पण लोकांच्या बोलण्यात त्या एकच झाल्या. मुस्लिम लीगने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या पीरपूर अहवालात काँग्रेस सरकारांविरुद्धच्या तक्रारींत ही तक्रार नोंदली गेली, आणि नागपुरात चळवळ उभी राहिली. ज्याला मंदिर म्हणजे फक्त घर असे संस्कृतात कळत होते, त्याला हा आक्षेप हट्टाचा वाटला. पण शेजाऱ्याच्या कानाला आपला शब्द कसा लागतो, हे शब्दकोशात पाहून कळत नाही. ते शेजाऱ्याला विचारावे लागते. विचारण्याचे काम नाव ठेवण्याच्या आधी झाले असते, तर पुष्कळ ताप वाचला असता. मागणीपत्र लिहिताना ज्याचे नाव पुढे घालायचे, त्याला ते आधी वाचून दाखवावे, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे.

आता आश्रमातील माणसांकडे वळू. या विद्यापीठातील सर्वांत मोठा पंडित मला धर्मानंद कोसंबी वाटतो. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. शाळा अर्धवट सुटली. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांना वेड लागले आणि १८९९ साली बायको व तान्ही मुलगी मागे ठेवून ते ज्ञानासाठी बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, लंका, ब्रह्मदेश असा तो प्रवास. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. लंकेत पाली शिकले आणि भिक्षू झाले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये दिले, ते महाराष्ट्रात राहून काम करावे या अटीवर. हा शाळा सुटलेला माणूस अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चार वेळा गेला, आणि ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी खपला. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली, तेथून प्रसिद्ध झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पाली शिकवीत.

१९२२ ते १९२५ या काळात ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. हे विद्यापीठ गांधीजींनी १९२० साली काढले, आणि अस्पृश्यांना न घेणारी शाळा त्याला जोडली जाणार नाही, असा दंडक पहिल्याच वर्षी घातला. तेथील पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजय होते, दृष्टी गेलेले जैन पंडित सुखलालजी होते, आणि हे बौद्ध कोसंबी होते. हे लोक एकमेकांच्या धर्माची स्तुती करीत बसले नाहीत. त्यांनी एकमेकांचे ग्रंथ मूळ भाषेत वाचले, पाठ तपासले, मतभेद मांडले. कोसंबींनी शेवटी पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर जे पुस्तक लिहिले, ते जैन पंडितांच्या सहवासाचे फळ आहे. आणि त्यांच्या काही मतांवर जैन समाजात वादही झाला. मला वाटते, सहकार्याची ही एक चांगली खूण आहे. ज्याच्याशी वाद घालता येत नाही, त्याच्याशी आपली मैत्री अजून ओसरीवरच आहे.

कामगारांनी कोसंबींची आठवण ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. १९३७ च्या सुमारास त्यांनी मुंबईत परळच्या गिरणगावात ‘बहुजन विहार’ काढला आणि तेथे राहून वस्तीतील लोकांत काम केले. हार्वर्डला जाऊन आलेला पंडित चाळींच्या शेजारी विहार बांधतो, हे त्या काळात नवलच होते. अखेरच्या काळात शरीर थकले, तेव्हा अन्नत्याग करून देह ठेवायचा असे त्यांनी ठरवले. सेवाग्रामात जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला. गांधीजी तेव्हा दिल्लीत होते. देशाच्या फाळणीची घोषणा होऊन दोनच दिवस झाले होते. त्या धामधुमीतही त्यांनी सायंप्रार्थनेच्या सभेत या अबोल पंडिताविषयी आदराने सांगितले.

कोसंबी बौद्ध, तर दुसरे एक गृहस्थ आले ते सरळ नास्तिक. आंध्रातील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि नास्तिक मतांमुळे महाविद्यालयातील नोकरीला मुकले होते. १९४४ च्या अखेरीपासून त्यांचे सेवाग्रामात येणे झाले. प्रार्थनेचा गाव आणि त्यात देव न मानणारा पाहुणा! दोघांमध्ये जे बोलणे झाले, ते गोरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवले आहे. अस्पृश्यता जावी यासाठी गोरांनी आपल्या मुलीचे लग्न अस्पृश्य मानलेल्या तरुणाशी ठरवले. हे लग्न सेवाग्रामात लावू, आणि देवाच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेऊन लावू, असे गांधीजींनी कबूल केले. ते हयात राहिले नाहीत, पण लग्न मार्च १९४८ मध्ये तेथेच लागले. ज्यांनी ते लावून दिले, ते स्वतः आस्तिक होते. दिलेला शब्द त्यांनी आपल्या श्रद्धेहून लहान मानला नाही.

याच आवारात दत्तात्रय परचुरे शास्त्री होते. संस्कृतचे पंडित, पण कुष्ठरोगाने ग्रासलेले. त्यांची झोपडी गांधीजींच्या कुटीजवळ होती आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. पटियाळ्याकडच्या अम्तुस सलाम या मुस्लिम बाई होत्या. जपानचे बौद्ध भिक्षू होते. फुजी गुरुजी म्हणून ओळखले जाणारे निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या शिष्यांपैकी एक सेवाग्रामात राहिला. पहाटे डफासारखे वाद्य वाजवीत तो आपला मंत्र म्हणे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, तेव्हा शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून सरकारने त्याला नेले. माणूस गेला, पण त्याचा मंत्र आश्रमाने प्रार्थनेत ठेवला. ज्या राष्ट्राशी आपले राज्यकर्ते लढत आहेत, त्या राष्ट्राच्या माणसाची प्रार्थना रोज म्हणायची, ही शांतीची कृती मला शंभर ठरावांहून मोलाची वाटते.

या प्रार्थनेविषयी एक गैरसमज आहे. सगळ्या धर्मांतील चारचार ओळी निवडून कोणी ती एका रात्रीत जुळवली, असे लोक समजतात. तसे नाही. ती नदीप्रमाणे वाढली. अब्बास तय्यबजींची कन्या रैहाना हिने कुराणाचा भाग आणला. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात डॉ. गिल्डर यांच्याकडून पारशी धर्मग्रंथातील भाग आला. जपानी मंत्र त्या भिक्षूचा. म्हणजे प्रत्येक कडव्यामागे एक जिवंत माणूस आहे. आधी माणूस आला, मग त्याची प्रार्थना आली. आपण पुष्कळदा उलटे करतो. व्यासपीठावर पाच धर्मांची पाच चिन्हे रंगवतो, आणि त्या पाचांपैकी एकही माणूस आपल्या घरी कधी जेवलेला नसतो.

त्या प्रार्थनेचा खरा कस एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीच्या भंगी वस्तीत लागला. कुराणाचा भाग सुरू होताच सभेतून विरोध झाला. तेवढाच भाग गाळून प्रार्थना पुरी करणे सोपे होते. गांधीजींनी ते केले नाही. त्यांनी त्या दिवशी सबंध प्रार्थनाच थांबवली. दुसऱ्या दिवशी तसेच झाले, तिसऱ्या दिवशी तसेच. एक अंग तोडून बाकीचे चालवायचे नाही. म्हणायची तर सगळी, नाही तर मुळीच नाही. कामगारांना हे शिकवावे लागत नाही. मालक म्हणतो, कायम कामगारांना वाढ देतो, कंत्राटी लोकांचे नाव मागणीपत्रातून काढा. ज्या संघटनेने ते नाव काढले, तिची पुढची मागणी कोणी ऐकत नाही. एकाला वगळून मिळालेली एकी ही पुढच्या फुटीची इसारत असते.

प्रार्थनेचे वेळापत्रक अर्ध्या तासाचे असे. बाकीचा दिवस कामाचा असे. झाडणे, दळणे, सूत कातणे, स्वयंपाक, आणि संडास साफ करणे. हे शेवटचे काम ज्याच्या जातीने पिढ्यान्पिढ्या केले, त्याच्याकडून काढून ते सर्वांत वाटले होते. मौलवी काय, शास्त्री काय, विलायतेतून आलेले पाहुणे काय, सर्वांच्या हाती बादली येई. माझ्या मते सेवाग्रामच्या शेजारधर्माचा पाया येथे आहे. दोन माणसे एकमेकांच्या ईश्वराविषयी जन्मभर चर्चा करतील आणि परकीच राहतील. पण एका चुलीचा धूर दोघांच्या डोळ्यांत गेला की ओळख होते. संपाच्या काळात मांडवात जो सामाईक स्वयंपाक होतो, तेथे मी हे अनेकदा पाहिले आहे.

आता परीक्षेचा काळ. १९४६ च्या ऑक्टोबरात पूर्व बंगालमधील नोआखालीत दंगल झाली. गांधीजी तेथे गेले आणि त्यांनी बरोबरच्या माणसांना एकेका गावी एकेकटे पाठवले. सेवाग्रामात शिकलेले आता त्यांना एकट्याने करून दाखवायचे होते. प्यारेलाल, सुशीला नय्यर असे एकेकजण एकेका खेड्यात जाऊन राहिले. अम्तुस सलाम यांच्या वाट्याला जे गाव आले, तेथे हिंदूंच्या पूजेतील खड्गे चोरीस गेली होती. ती परत यावीत म्हणून या मुस्लिम बाईने उपवास मांडला. पंचवीस दिवस तिने अन्न घेतले नाही. एक खड्ग शेवटपर्यंत मिळाले नाही. गांधीजींनी आसपासच्या मुस्लिम पुढाऱ्यांकडून हिंदूंच्या रक्षणाची लेखी हमी घेतली, तेव्हा २० जानेवारी १९४७ रोजी उपवास सुटला. मूर्तिपूजा न मानणारी बाई दुसऱ्याच्या पूजेचे शस्त्र परत मिळावे म्हणून मरणाच्या दारापर्यंत जाते! याहून अवघड प्रश्नपत्रिका कोणत्या विद्यापीठाने काढली असेल?

त्याच सुमारास, नोव्हेंबर १९४६ मध्ये, दिल्लीला जामिया मिलियाचा रौप्यमहोत्सव झाला. झाकिर हुसेन यांनी एकाच व्यासपीठावर जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, जिना आणि लियाकत अली यांना बसवले, आणि भरसभेत त्यांना सांगितले की देशात आग लागली आहे. ती कोणी लावली हे नंतर पाहू, आधी विझवा. पुढाऱ्यांनी भाषण ऐकले, आग विझली नाही. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये काश्मीरकडे जात असता जालंधरच्या स्थानकावर स्वतः झाकिर हुसेन दंगलखोरांच्या हाती सापडले. त्यांना वाचवले ते एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने. वर्धा समितीचा अध्यक्ष आणि पुढे १९६७ साली राष्ट्रपती झालेला हा माणूस फलाटावरच्या दोन साध्या नोकरदारांमुळे वाचला. रेल्वेच्या त्या माणसाने तुलनात्मक धर्मशास्त्राचा अभ्यास केला असेल असे वाटत नाही. आपल्या फलाटावर प्रवाशाला मरू द्यायचे नाही, एवढे त्याला कळत होते.

येथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू लपवून चालणार नाही. पहिली गोष्ट, सेवाग्रामची एकी फार थोड्यांची होती आणि एका माणसाभोवती गोळा झालेली होती. ती माणसे निवडून आलेली होती. वस्तीत मात्र माणूस शेजारी निवडून घेत नाही. दुसरी गोष्ट जातीची. १९३६ च्या मे महिन्याच्या आरंभी, गांधीजी शेगावला राहावयास गेले त्याच दिवसांत, डॉ. आंबेडकर वालचंद हिराचंद यांच्यासह तेथे जाऊन त्यांना भेटले. धर्मांतराची घोषणा होऊन काही महिने लोटले होते. त्या भेटीतून दोघांचे एकमत झाले नाही. बाबासाहेबांचा प्रश्न सरळ होता : ज्या धर्मात माणूस म्हणून जागाच नाही, त्याने इतर धर्मांशी सलोखा करण्याआधी स्वतःच्या घराचा हिशेब का देऊ नये? संडास साफ करण्याचे काम आश्रमात सर्वांत वाटले गेले, पण आश्रमाच्या कुंपणाबाहेर ते ज्याचे त्याच्याच माथी राहिले. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. वर्ध्याहून नागपूर काही फार दूर नाही. सेवाग्रामच्या प्रार्थनेत बुद्धाचा मंत्र होता, आणि तरीही शेजारच्या मैदानावर इतिहासाला वेगळी वाट धरावी लागली. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून वाचल्याशिवाय विदर्भाचा इतिहास पुरा होत नाही.

गांधीजींच्या मृत्यूनंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामात नेहरू, आझाद, विनोबा, कुमारप्पा इत्यादी जमले आणि त्यातून सर्वोदय समाज निघाला. डिसेंबर १९४९ मध्ये जगातील शांतिवाद्यांची परिषद भरली. तिचा एक भाग रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात आणि दुसरा सेवाग्रामात झाला. दोन महायुद्धे पाहिलेले, युद्धाला नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेलेले असे लोक तीसहून अधिक देशांतून आले होते. इंग्रज लेखिका व्हेरा ब्रिटन त्यांत होती. पहिल्या महायुद्धात भाऊ आणि वाग्दत्त वर गमावलेली ही बाई वऱ्हाडाच्या सीमेवरच्या एका खेड्यात येऊन शांतीचा विचार करीत होती. विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा जो अभ्यास वर्ध्याच्या परिसरात केला, त्याचे सार १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्याच साली ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून पायी गेले आणि तेथील मुस्लिम शेतकऱ्यांनीही त्यांना जमीन दिली.

सुशीला नय्यर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामात वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे येणारे नवे विद्यार्थी प्रथम पंधरा दिवस आश्रमात राहतात, श्रमदान करतात, सर्वधर्म प्रार्थनेला बसतात. पुढे एकेका तुकडीकडे एकेक खेडे सोपवले जाते. पूर्वी तेथील प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराची निराळी प्रश्नपत्रिका असे. देशभर एकच प्रवेशपरीक्षा झाल्यावर ती उरली नाही. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात, जे १९९७ साली सुरू झाले, अहिंसा आणि शांती हा अभ्यासाचा विषयच आहे. तेव्हा ज्या जागेला सनद नव्हती, तिच्याभोवती आता सनदा आहेत. त्यामुळे आनंद वाटतो आणि थोडी काळजीही वाटते. शांती हा विषय झाला की त्यात गुण मिळतात, आणि गुण मिळाले की विषय सुटला असे विद्यार्थ्याला वाटते.

मग वहीत शिल्लक काय राहते? मला तीन गोष्टी दिसतात. दुसऱ्याचा धर्म त्याच्या ग्रंथातून आणि त्याच्या तोंडून समजून घ्यावा. ऐकीव गोष्टींवरून नव्हे. दुसऱ्याबरोबर हाताचे काम करावे, विशेषतः ते काम जे आजवर एकाच जातीच्या माथी मारले गेले. आणि जेव्हा कोणी म्हणेल, अमक्याला तेवढा वगळा, बाकी सगळे ठीक आहे, तेव्हा सगळे थांबवण्याची तयारी ठेवावी. या तिन्हींना इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. बोरी अरबच्या शाळेत, बाजारसमितीच्या ओट्यावर, जिनाच्या फाटकापाशी त्या करता येतात.

श्रोतेहो, व्याख्यानमाला हेही गावाचे एक विद्यापीठच आहे. येथे नाव नोंदवावे लागत नाही आणि परीक्षा द्यावी लागत नाही. पण परीक्षा टळते असे नाही. ती केव्हातरी एखाद्या अफवेच्या रात्री होते. कोणीतरी सांगत येतो की पलीकडच्या आळीत अमुक झाले, आणि दहा मिनिटांत दुकानांची दारे बंद होतात. त्या वेळी जो उठून पलीकडच्या आळीत जातो आणि खरे काय ते विचारून येतो, तो उत्तीर्ण. त्याला जाता यावे म्हणून त्या आळीत त्याच्या ओळखीची चार घरे असावी लागतात, आणि ती घरे शांततेच्या दिवसांतच जोडावी लागतात. सध्या दिवस शांततेचे आहेत. उन्हाळा आहे, हंगाम संपला आहे, हाताला सवड आहे. ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त मला पंचांगात दिसत नाही.